महापालिकेतल्या व्यवस्थापकांचा पगार आणि प्रशिक्षण: मागणी कशी मांडायची

शहराचा कारभार हाकणाऱ्या मधल्या आणि वरच्या फळीतल्या अधिकाऱ्यांच्या संघटनेचं काम नुकतंच तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर एक गोष्ट लवकरच कळेल: तुमच्या बाजूने बोलायला कुणी उत्सुक नसतं. सफाई कामगारांच्या वेतनावर लोकप्रतिनिधी हिरीरीने भाषण करतात, अग्निशमन दलाच्या जवानांसाठी नागरिक सह्या गोळा करतात. पाणीपुरवठा विभागाच्या उपप्रमुखाला पगारवाढ मिळावी म्हणून कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही. लोकांच्या लेखी ‘साहेब’ आधीच भरपूर कमावतात. त्यामुळे कामगार संघटनांची पद्धत इथे उचलून आणता येत नाही. हातात राहतो तो कागद, आणि तो खुल्या सभेत, पत्रकारांसमोर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवता आला पाहिजे. ज्या मागणीचा कागद असा वाचता येणार नाही ती मागणी करूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या याच कसोटीवर बेतल्या आहेत.

पहिली पायरी: कायद्यात तुम्ही कुठे बसता ते शोधा

बऱ्याच देशांत व्यवस्थापकीय काम करणाऱ्याला कायदा ‘कामगार’ मानत नाही. भारतात १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय काम करणाऱ्यांना कामगाराच्या व्याख्येबाहेर ठेवलं होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७८ मध्ये सार्वजनिक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी १५१ क्रमांकाचा करार केला. धोरण ठरवणाऱ्या किंवा व्यवस्थापन करणाऱ्या वरिष्ठांना त्यातल्या हमी कितपत लागू करायच्या, हे त्यातही प्रत्येक देशाच्या कायद्यावर सोडलं आहे. उलट कॅलिफोर्नियात १९६८ च्या कायद्यामुळे नगर प्रशासनातल्या व्यवस्थापकांनाही संघटना करून वाटाघाटी करता येतात, आणि सॅन फ्रान्सिस्कोत ‘म्युनिसिपल एक्झिक्युटिव्ह्ज असोसिएशन’ ही त्यांची स्वतंत्र संघटना आहे.

तुमच्याकडे काय आहे? वाटाघाटीचा हक्क आहे, की फक्त निवेदन देण्याचा? पगार करारातून ठरतो, सभागृहाच्या ठरावातून, की वरच्या सरकारच्या आदेशातून? सेवा आणि वर्तणुकीच्या नियमांत लोकप्रतिनिधींकडे स्वतःच्या सेवेविषयी परस्पर जायला मनाई आहे का? ही उत्तरं लेखी काढून ठेवा. शेवटचा प्रश्न विसरणारे पुष्कळ असतात. मग एखादा सभासद ओळखीच्या नगरसेवकाकडे शब्द टाकायला जातो आणि मागणी बाजूला राहून त्याच्यावरच खुलासा करायची वेळ येते.

दुसरी पायरी: स्वतःच्या फाइलपासून लांब व्हा

व्यवस्थापकांच्या मागणीत एक अडचण जन्मजात असते. अर्थसंकल्प तयार करणारा, वेतनश्रेणीची टिपणी लिहिणारा, तिच्यावर अभिप्राय देणारा, हे सगळे लाभार्थीच असतात. कुणी शंका घेण्याआधीच त्याचा बंदोबस्त करावा. ज्याच्या पगारावर परिणाम होणार आहे त्याने ती टिपणी लिहू नये, आणि ‘या विषयात माझा हितसंबंध असल्याने मी अभिप्राय देत नाही’ अशी नोंद फाइलवर करावी. आकडे बाहेरच्या सल्लागाराने किंवा दुसऱ्या संस्थेच्या आस्थापना विभागाने तपासलेले असावेत.

हे सगळं अति वाटत असेल तर बेल शहराचं प्रकरण माहीत करून घ्या. कॅलिफोर्नियात, लॉस एंजलिस परगण्यातलं हे छोटं, कष्टकरी वस्तीचं शहर. जुलै २०१० मध्ये ‘लॉस एंजलिस टाइम्स’ने छापलं की तिथला नगर व्यवस्थापक, म्हणजे शहराचा पगारी प्रशासन प्रमुख, रॉबर्ट रिझो वर्षाला जवळपास ८ लाख डॉलर पगार घेतो. अर्धवेळ काम करणारे बहुतेक नगरसेवक सुमारे १ लाख डॉलर घेत होते. त्याआधी २००५ मध्ये एक विशेष मतदान घेऊन शहराला स्वतंत्र सनद, म्हणजे स्वतःच्या नियमांनी कारभार चालवायची मुभा, मिळवण्यात आली होती, आणि त्यामुळे राज्याने नगरसेवकांच्या मानधनाला घातलेली मर्यादा चुकवता आली. त्या मतदानाला ४०० माणसंसुद्धा आली नव्हती. २०१४ मध्ये रिझोला १२ वर्षांची शिक्षा झाली.

आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचं पुढे घडलं. सरळमार्गी व्यवस्थापकांच्या पगाराकडेही संशयाने पाहिलं जाऊ लागलं. राज्याच्या नियंत्रकाने सगळ्या स्थानिक संस्थांचे पगार गोळा करून संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली. २०११ च्या कायद्याने वरिष्ठांच्या करारातल्या आपोआप वाढणाऱ्या पगाराला लगाम घातला. २०१६ च्या दुरुस्तीने तर अंतिम मतदानापूर्वी वरिष्ठांच्या पगाराचा आणि लाभांचा गोषवारा खुल्या सभेत तोंडी सांगणं बंधनकारक केलं. म्हणजे मागणी मोठ्याने वाचायची माझी कसोटी तिथे कायद्यातच आली आहे.

आणखी एक सूचना, आणि ती मी कळकळीने करतो: प्रशासन प्रमुखाचा पगार आणि बाकीच्या व्यवस्थापकांचा पगार एकाच प्रस्तावात घालू नका. प्रमुखाचा आकडा मोठा असतो, बातमीचा मथळा तोच होतो, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या खालच्या पदांची रास्त मागणी त्याच गदारोळात बुडते.

तिसरी पायरी: काम काय आहे ते कागदावर आणा

पगाराच्या आकड्यावर येण्याआधी कामाचं वर्णन काढा. बहुतेक ठिकाणी ते जुनं असतं, आणि त्याची शेवटची ओळ ठरलेली: ‘वरिष्ठ वेळोवेळी सोपवतील ती इतर कामे.’ खरी गोम या ओळीत असते.

प्रत्येक सभासदाला सलग ४ आठवडे एक साधी नोंदवही ठेवायला सांगा. दिवस, काम, लागलेला वेळ, आणि हे काम मूळ वर्णनात आहे की नाही. एखाद्या घनकचरा व्यवस्थापकाची नोंद बघा: सकाळी ६ ला गाड्यांची हजेरी, ९ ला ठेकेदाराच्या देयकावरचा आक्षेप, ११ ला न्यायालयीन प्रकरणासाठी वकिलाला माहिती, दुपारी जमीन मोजणीच्या ठिकाणी, संध्याकाळी तक्रार ॲपवर राहिलेली उत्तरं, रात्री प्रक्रिया केंद्राला आग लागल्याचा फोन. मूळ वर्णनात यातली पहिली दोन कामंच सापडतात. बाकीची कायदे बदलले, संगणक आले, शेजारचं पद रिक्त राहिलं, तशी येऊन चिकटली.

ही नोंद वाचताना दोन ढीग करा. एका ढिगात कायमची वाढलेली जबाबदारी; तिच्यासाठी पदाचं पुनर्मूल्यांकन मागायचं. दुसऱ्या ढिगात तात्पुरता अतिरिक्त कार्यभार. त्यासाठी भत्ता मागायचा आणि तो कार्यभार कधी संपणार ती तारीख मागायची. दोन्ही एकत्र केले की समोरचा म्हणतो, ‘भत्ता घ्या आणि गप्प बसा’, आणि वाढलेलं काम कायमचं फुकटात जातं.

चौथी पायरी: तुलना प्रामाणिक ठेवा

तुलनेसाठी शहरं निवडण्यात सगळी कला आहे आणि सगळी बदमाशीही. सगळ्यात श्रीमंत ५ शहरं घेऊन ‘आम्हाला कमी मिळतं’ म्हणणं सोपं. विरोधक १० मिनिटांत ते उघडं पाडतात. म्हणून आधी निकष लिहा आणि मगच शहरं शोधा: लोकसंख्या, अर्थसंकल्पाचा आकार, शहर स्वतः कोणत्या सेवा चालवतं, राहणीमानाचा खर्च, आणि तुमची माणसं नोकरी सोडून प्रत्यक्षात कुठे जातात. शेवटचा निकष माझा सगळ्यात आवडता, कारण त्यावर वाद घालता येत नाही. १० ते १२ शहरं पुरेत. त्यात तुमच्यापेक्षा कमी पगार देणारीही असू द्या.

पदनाम बघून तुलना करू नका. एका शहरातला ‘उपसंचालक’ ३०० माणसं सांभाळतो, दुसरीकडे तेच पदनाम असलेला एकटाच बसलेला असतो. हाताखालची माणसं, हाताळलेली तरतूद आणि सहीचे अधिकार बघा. मूळ पगाराबरोबर निवृत्तिवेतन, आरोग्यविमा, घर, वाहन, रजा हेही मोजा. तुमचे लाभ शेजारच्यापेक्षा चांगले असतील तर ते लपवू नका. सरासरीऐवजी मधला आकडा द्या, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मध्ये येणारा. एखादं बेल यादीत असलं तरी त्याने मधला आकडा फुगत नाही.

माहिती बऱ्याचदा फुकट मिळते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १९९६ च्या कायद्याने १ लाख डॉलर किंवा त्याहून जास्त पगार घेणाऱ्या सार्वजनिक कर्मचाऱ्यांची यादी दरवर्षी जाहीर होते. इंग्लंडमध्ये २०११ च्या लोकॅलिझम कायद्यानुसार प्रत्येक नगर परिषदेला वेतन धोरणाचं निवेदन दरवर्षी पूर्ण सभेत मंजूर करावं लागतं, आणि वरिष्ठांच्या व इतरांच्या वेतनाचं नातं त्यात सांगावं लागतं. अशा याद्यांना घाबरणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत. खरं तर कमी पगार मिळणाऱ्याचा यापेक्षा चांगला साक्षीदार नाही.

पाचवी पायरी: वरचा आणि खालचा पगार भिडलाय का ते तपासा

माझ्या मते सगळ्यात बळकट मुद्दा हाच, आणि नवे पदाधिकारी नेमका हाच सोडतात.

व्यवस्थापकाचा वार्षिक पगार १०० धरा आणि त्याच्या हाताखालच्या पर्यवेक्षकाचा ८८. पर्यवेक्षकाला ओव्हरटाइम मिळतो, व्यवस्थापकाला नाही; अमेरिकेत तर १९३८ च्या श्रम मानक कायद्यातच व्यवस्थापकीय पदांना ओव्हरटाइममधून सूट आहे. वर्षभरात ओव्हरटाइम १७ झाला की पर्यवेक्षक १०५ घरी नेतो. आता ओव्हरटाइम बाजूला ठेवा. कामगार संघटनेच्या कराराने पर्यवेक्षकाला दरवर्षी ४ टक्के वाढ मिळते, आणि व्यवस्थापकांना ‘परिस्थिती बघून’ २ टक्के. ५ वर्षांनी पर्यवेक्षक १०७.१ वर आणि व्यवस्थापक ११०.४ वर. सुरुवातीचं १२ चं अंतर साडेतीनच्याही आत आलं.

परिणाम पगारपत्रकाबाहेर दिसतो. चांगला पर्यवेक्षक बढती नाकारतो, कारण साहेब होऊन रात्रीचे फोन घ्यायचे आणि पैसे कमी करून घ्यायचे, हा व्यवहार कोण करेल? पद रिक्त राहतं, त्याचा अतिरिक्त कार्यभार तिसऱ्याकडे जातो. तुमच्याकडे गेल्या काही वर्षांत किती जणांनी बढती नाकारली याची यादी आस्थापना विभागाकडून घ्या. ती प्रस्तावाला जोडली की पगार जास्त की कमी ही चर्चा मागे पडते आणि हे पद भरणार कसं यावर सभागृह बोलू लागतं.

मागणी मात्र खालच्याचा पगार रोखण्याची कधीही करू नका. दोन पदांमध्ये किमान किती टक्के अंतर असावं याचा नियम मागा. कराराने खालचा पगार वाढला की वरचा त्या प्रमाणात सरकला पाहिजे.

सहावी पायरी: वेळ साधा

अर्थसंकल्प सभागृहात येतो तेव्हा आकडे जवळजवळ गोठलेले असतात. विभागांकडून अंदाज मागवले जातात त्याच्याही आधी तुमचा कागद लेखा विभागाकडे असावा. उलटं मोजत या: त्याआधी तुलना, त्याआधी नोंदवह्या. म्हणजे अर्थसंकल्पाच्या ८-९ महिने आधी काम सुरू. निवडणुकीच्या तोंडावर, करवाढीच्या आठवड्यात किंवा शहरात पाणी तुंबलेलं असताना वेतनाचा विषय विषयपत्रिकेवर येऊ देऊ नका. एवढंच.

सातवी पायरी: दोन पानी कागद

जोडपत्रं हवी तेवढी असू द्या, मूळ निवेदन दोन पानांचं. ‘आमच्यावर सातत्याने अन्याय होत असून तीव्र नाराजी पसरली आहे’ हे वाक्य मी अनेक निवेदनांत वाचलं आहे. त्याने कुणाचंही मन वळत नाही. त्याजागी असं लिहा: ‘विभागप्रमुखांच्या ९ पदांपैकी ३ पदे वर्षभरापासून रिक्त आहेत. दोन वेळा जाहिरात देऊनही पात्र उमेदवार रुजू झाला नाही. तुलनेतील १२ शहरांत या पदाचा मधला पगार आपल्यापेक्षा ११ टक्के अधिक आहे. हे अंतर ३ वर्षांत भरून काढण्याचा प्रस्ताव असून पहिल्या वर्षाचा खर्च आस्थापना खर्चाच्या अमुक टक्के आहे.’ आकडे अर्थात तुमचे घाला. निवृत्तिवेतनावर पडणारा पुढचा बोजाही स्वतःच लिहा. तो लेखापरीक्षकाने शोधून काढला तर बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

आठवी पायरी: प्रशिक्षण वेगळं मागा

पगाराच्या निवेदनात शेवटचा परिच्छेद म्हणून प्रशिक्षण घातलं की वाटाघाटीत पहिल्यांदा तेच सोडून दिलं जातं. त्याचं स्वतंत्र निवेदन करा.

ही मागणी उपकाराची वाटू नये यासाठी ती पदाच्या पात्रतेशी बांधा. दक्षिण आफ्रिकेने हे नीट केलं आहे. तिथे २००३ मध्ये नगरपालिका वित्त व्यवस्थापनाचा कायदा आला आणि २००७ मध्ये किमान क्षमतांचे नियम: नगर व्यवस्थापक, मुख्य वित्त अधिकारी, इतर वरिष्ठ व्यवस्थापक आणि खरेदी सांभाळणारे अधिकारी यांच्याकडे कोणतं शिक्षण, किती अनुभव आणि कोणती कौशल्यं हवीत हे पदागणिक ठरवून दिलं. नियमात पात्रता आली की ती मिळवून देण्याचा खर्च संस्थेला टाळता येत नाही. तुमच्याकडे असा नियम नसेल तर निदान सेवाप्रवेश नियमांत किंवा पदाच्या वर्णनात वार्षिक प्रशिक्षणाचे तास घालून घ्या. किती तास, याला आधार हवा असेल तर १९१४ मध्ये नगर व्यवस्थापकांनी स्थापन केलेल्या आणि आज आयसीएमए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघटनेचं उदाहरण द्या. तिचं व्यावसायिक मानांकन टिकवायला वर्षाला किमान ४० तास शिक्षण घ्यावं लागतं.

तरतूद एकगठ्ठा न मागता दर पदामागे मागा, आणि तिला स्वतंत्र लेखाशीर्ष असू द्या. ‘इतर प्रशासकीय खर्च’ या शीर्षाखालचे पैसे मार्चमध्ये खुर्च्या आणि पडदे यांत जातात. वेगळं शीर्ष असेल तर पुनर्विनियोजन करताना, म्हणजे ते पैसे दुसऱ्या शीर्षाकडे वळवताना, कुणाला तरी सही करावी लागते. प्रशिक्षणाचे दिवस कामाचे दिवस धरले जावेत आणि त्या काळात कार्यभार कुणाकडे हे आदेशात लिहिलेलं असावं. नाहीतर माणूस वर्गात बसून देयकं मंजूर करत असतो.

कोण जाणार, हा खरा भांडणाचा विषय. प्रत्येक कार्यालयात प्रशिक्षणाला जाणारे ठरलेले दोघे असतात, आणि परदेशी अभ्यासदौऱ्याला निवृत्तीला सहा महिने राहिलेला अधिकारी. पाळीची यादी करा आणि निवृत्ती जवळ असलेल्यांसाठी दौऱ्याला मर्यादा संघटनेनेच सुचवा. तुमच्यातले काही नाराज होतील. होऊ द्या. परत आलेल्याने एक पान लिहावं: काय शिकलो, आणि आपल्या विभागात कोणती एक गोष्ट बदलायचा प्रस्ताव देतो. संस्था मोठ्या अभ्यासक्रमासाठी बंधपत्र मागेल, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची लेखी हमी. ते मान्य करा, पण नोकरी सोडल्यास परत करायची रक्कम दर महिन्याला कमी होत गेली पाहिजे.

पैसे नसले तरी शेजारच्या शहराशी अधिकाऱ्यांची महिनाभराची अदलाबदल, दुसऱ्या विभागाचा प्रभारी कार्यभार, निवृत्त अधिकाऱ्यांचं मार्गदर्शन हे मागता येतं. सभागृह याला सहसा नाही म्हणत नाही.

नववी पायरी: सभेतले प्रश्न

‘लोकांवर करवाढ आणि यांना पगारवाढ?’ हा येणारच. एकूण खर्च आणि रिक्त पदांमुळे रखडलेली कामं एका वाक्यात सांगा आणि थांबा. ‘आधी कामगारांना द्या’ म्हटलं गेलं तर विरोध करू नका. त्यांच्या मागणीला तुमचा पाठिंबा आधीच लेखी द्यावा. ‘परवडत नसेल तर सोडून जा’ यावर रागावू नका, आतापर्यंत सोडून गेलेल्यांची यादी पुढे करा.

‘कामगिरी दाखवा, मग पगार’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. वार्षिक उद्दिष्टांचा करार मान्य करा, फक्त पगार वसुलीच्या किंवा दंडाच्या आकड्याला जोडू देऊ नका. दंडाच्या पावत्यांवर बक्षीस ठेवलं की पावत्या वाढतात, रस्त्यावरची कोंडी तशीच राहते. तक्रार निकाली काढण्याचा वेळ, लेखा आक्षेपांची पूर्तता, पाण्याची गळती अशी मोजमापं चालतील.

नकार मिळाला तर

नकार लेखी मागा, कारणासह. ‘सध्या निधी नाही’ असं कारण असेल तर विषय पुन्हा कोणत्या तारखेला येणार ते ठरावात लिहून घ्या. ‘आकडे पटले नाहीत’ असं असेल तर तपासणीसाठी दोघांना मान्य असा सल्लागार सुचवा. अंशतः मंजुरी मिळाली तर ती घ्या आणि उरलेल्याची वर्षवार मांडणी द्या.

नोंदवह्या, तुलनेचा तक्ता, निकषांचं पान, फाइलवरच्या हितसंबंधाच्या नोंदी आणि ठरावाची प्रत एका जागी ठेवा. संघटनेचे पदाधिकारी बदलतात, बदल्या होतात. तुलनेचा तक्ता दरवर्षी त्याच शहरांनिशी भरा. एखादं शहर वगळावं लागलं तर कोणतं आणि का, हे त्याच पानावर, तारीख घालून लिहा.